गंजून तुटलेला सायलेन्सरचा स्टड घरी कसा काढावा

पाऊस ओसरला, भात घरात आले, की आपल्या पेडणे भागात वायंगणाची आणि मिरचीच्या वाफ्यांची तयारी सुरू होते. चार महिने खोपटात झाकून ठेवलेले डिझेल इंजिन किंवा पॉवर टिलर तेव्हा बाहेर काढला जातो. तो सुरू होतो, पण सायलेन्सरच्या बुडातून फटफट आवाज येतो आणि इंजिनच्या अंगावर काजळीचा पट्टा उमटतो. पॅकिंग बदलावे म्हणून कोणी नटाला पाना लावतो, जरा जोर करतो, आणि नट सुटायच्या ऐवजी आतला स्टडच मोडून हातात येतो. ऐन पाणी देण्याच्या दिवसांत इंजिन बंद पडते. पाणी आठवडाभर चुकले तर फुलावर आलेली मिरची कोणासाठी थांबत नाही.

हा लेख त्यासाठीच आहे. आम्ही आरंभीच एक गोष्ट सांगून ठेवतो. गंजलेला स्टड बहुधा गंजाने मोडत नाही, घाईने मोडतो. आणि मोडल्यावर जे मोठे नुकसान होते तेही बहुतेक दुसऱ्या घाईने होते. म्हणून या कामात लागणारे पहिले हत्यार म्हणजे दोन-तीन दिवसांची सवड.

स्टड म्हणजे काय, आणि तो इथेच का गंजतो

ज्याला दोन्ही टोकांना आटे असतात आणि डोके नसते, त्या लोखंडी दांडीला स्टड म्हणतात. तिचे एक टोक इंजिनच्या हेडमध्ये बसवलेले असते, दुसऱ्या टोकावर नट येतो. एका सिलिंडरच्या पंपाच्या इंजिनला सायलेन्सर किंवा त्याचा वाकडा नळ साधारणपणे अशा स्टडांवरच धरलेला असतो. ट्रॅक्टरला आणि जीपला अनेक सिलिंडरांचा धूर एकत्र करणारा बिडाचा नळ असतो. त्याला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणतात. त्याला स्टड जास्त असतात, पण दुखणे तेच.

इंजिनवर भार असताना धुराचे तापमान ४०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. १० मिलिमीटर जाडीचा पोलादी स्टड ५०० अंशांनी तापला तर त्याची जाडी सुमारे ०.०६ मिलिमीटरने वाढते, म्हणजे जवळजवळ एका केसाएवढी. इंजिन बंद झाले की तो पुन्हा आकसतो. हे रोज घडते. या तापण्या-निवण्यात आट्यांवरचे तेल जळून जाते आणि फटीत दमट हवा शिरते.

आता आपल्या हरमलची हवा पाहा. केरी-तेरेखोलपासून मांद्रे-मोरजीपर्यंतचा आपला पट्टा समुद्राला लागून आहे. वाऱ्याबरोबर येणारे मीठ लोखंडावर बसते, ते हवेतला ओलावा ओढून धरते, आणि ओल्या मिठाखाली लोखंड झपाट्याने गंजते. त्यात पावसाळ्याचे सुमारे ३,००० मिलिमीटर पाणी. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो. आट्यांच्या बारीक फटीत तो फुगतो आणि नट व स्टड जणू एकच तुकडा असल्यासारखे एकमेकांना धरून बसतात. याउलट स्टडची नटाबाहेरची मान गंजाने बारीक होत गेलेली असते. पाना जोराने फिरवला की नट हलत नाही, मान तुटते.

याशिवाय एक कारण आपल्या हातचे असते. धूर वर जावा म्हणून पुष्कळजण सायलेन्सरला लांब नळ जोडतात आणि त्याला आधार देत नाहीत. इंजिनच्या हादऱ्याने तो नळ रात्रंदिवस स्टडांना ओढत राहतो. असा स्टड नवीन असला तरी तुटतो.

आधी जिवाची काळजी

गळका सायलेन्सर हा केवळ आवाजाचा प्रश्न नाही. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डिझेलच्या धुरात तो पेट्रोल किंवा रॉकेलवरच्या इंजिनांपेक्षा कमी असतो, पण बंद खोपटात कोणताही धूर वाईटच. डोके जड होणे, मळमळणे, चक्कर येणे ही त्याची लक्षणे आहेत. तसे वाटताच ताबडतोब उघड्यावर यावे, आणि बरे न वाटल्यास डॉक्टरांकडे जावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. म्हणून "थोडा धूर येतो, चालायचेच" असे म्हणून मोसम काढू नये.

जुन्या इंजिनांच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. जुने पॅकिंग पाण्याने भिजवून मगच खरवडावे, फुंकर मारू नये, कोरड्या ब्रशने घासू नये, आणि तुकडे पिशवीत बांधून टाकावेत.

घण, छिन्नी, ड्रिल चालवताना डोळ्यांवर चष्मा हवाच. हाताला खोल जखम झाली तर ती साबणपाण्याने धुवावी आणि धनुर्वाताची लस घेऊन किती वर्षे झाली ते डॉक्टरांना सांगावे. धनुर्वात गंजातून होतो असा समज आहे. खरे म्हणजे त्याचे जंतू माती-शेणात असतात, आणि आपल्या इंजिनला माती-शेण नेहमीच लागलेले असते.

पहिले काम: नट वाचवू नका, स्टड वाचवा

स्टड अजून तुटलेला नसेल तर निम्मी लढाई जिंकल्यासारखीच आहे. इंजिन पूर्ण थंड असू द्यावे. बॅटरी असल्यास तिची तार सोडावी. बाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ घासावेत, कारण नटाला याच आट्यांवरून बाहेर यायचे आहे. मग गंज सोडवणारे तेल नटाच्या मुळाशी सोडावे. बाजारात त्याचे डबे मिळतात. डब्ल्यूडी-४० हे नाव सर्वांच्या तोंडी आहे. १९५३ साली अमेरिकेत ते तयार झाले ते धातूवरचे पाणी हटवून गंज टाळण्यासाठी, अडकलेले नट सोडवण्यासाठी नव्हे. हलक्या गंजाला ते चालते, पण घट्ट धरलेल्या नटाला खास आत झिरपणारे तेल घ्यावे. तेही नसेल तर डिझेलमध्ये थोडे पातळ तेल मिसळून वापरावे.

तेल सकाळी आणि संध्याकाळी, असे दोन-तीन दिवस सोडावे. प्रत्येक वेळी नटाच्या बाजूंवर आणि स्टडच्या टोकावर लहान हातोडीने हलके टकटक करावे. या धक्क्यांनी गंजाला चिरा पडतात आणि तेलाला वाट मिळते. घणाचे घाव घालू नयेत, टोकाचे आटे बसतात.

मग सहा कोनांचा बॉक्स पाना घ्यावा. उघड्या तोंडाचा पाना नटाचे कोपरे खातो. प्रथम नट आवळण्याच्या दिशेने किंचित फिरवून पाहावा, गंजाची पकड तेवढ्याने मोडते. मग उलट फिरवावा. पाव फेरा सुटला की पुन्हा अर्धा पाव आवळावा, तेल घालावे, पुन्हा सोडवावा. स्टड रबरासारखा पिळला जातो आहे असे हाताला वाटले तर तिथेच थांबावे. ती मोडण्याची पूर्वसूचना असते.

तरीही नट हलत नसेल तर त्याचा मोह सोडावा. नटाच्या एका बाजूला स्टडला समांतर असा करवतीने किंवा कानशीने काप घ्यावा, आट्यांच्या जवळ येताच थांबावे, आणि त्या खाचेत छिन्नी ठेवून नट फोडावा. नट बाजारात मिळतो, हेडमधले आटे बाजारात मिळत नाहीत.

तुटला आणि बुंधा बाहेर राहिला तर

सायलेन्सर काढून घ्यावा. इंजिन हाताने फिरवून धुराचा व्हॉल्व्ह बंद होईल अशा जागी ठेवावे आणि धुराच्या भोकात स्वच्छ चिंधी कोंबावी, म्हणजे लोखंडाचा कीस सिलिंडरमध्ये जाणार नाही. चिंध्या किती घातल्या ते लिहून ठेवावे. पुढे काढायला विसरले तर दुसरेच संकट उभे राहते.

बुंध्यावर दोन नट बसतील एवढे आटे शिल्लक असतील तर दोन नट चढवून एकमेकांवर घट्ट आवळावेत. मग आतल्या नटाला पाना लावून घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवावे. आटे नसतील तर कुलूप लागणारी पकड किंवा लहान पाइप पाना लावावा. इथेही मागे-पुढे, मागे-पुढे हाच नियम.

हलत नसेल तर उष्णतेची मदत घ्यावी. हेड बिडाचे असेल तर स्टडभोवतीचा भाग ब्लो लॅम्पने सावकाश आणि सर्व बाजूंनी सारखा तापवावा. बीड फुगते, भोक किंचित मोठे होते. नंतर जरा निवू द्यावे आणि मुळाशी मेणबत्तीचे टोक टेकवावे. वितळलेले मेण आट्यांत ओढले जाते आणि वंगणाचे काम करते. तापलेल्या बिडावर थंड पाणी कधीही ओतू नये, हेडला तडा जातो. डिझेलची टाकी जवळ असेल तर आधी काढून दूर ठेवावी. आदल्या दिवशी घातलेले तेल पेट घेऊ शकते, म्हणून वाळूची बादली हाताशी असावी. वाळलेल्या गवतावर आणि माडाच्या झावळ्यांच्या खोपटात आगीचे काम करूच नये.

काठोकाठ तुटला तर वेल्डर बोलवा

स्टड हेडच्या पातळीला तुटला असेल तर आमच्या मते सर्वांत खात्रीचा उपाय वेल्डरचा आहे. तुटलेल्या तोंडावर वेल्डिंगचा थेंब चढवून उंचवटा करतात, त्यावर नट ठेवतात आणि नटाच्या भोकातून वेल्डिंग करून तो उंचवट्याला जोडतात. यात पकड तर मिळतेच, शिवाय स्टड आतून लाल होऊन फुगतो, निवताना आकसतो, आणि गंजाचा थर तुटतो. लाली जाऊन काळेपणा आला की पाना लावून हळूहळू मागे-पुढे करावे. पहिल्या खेपेला नट सुटून आला तर निराश होऊ नये. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला स्टड बाहेर येतो, कारण प्रत्येक खेपेची उष्णता आपल्याच बाजूने काम करत असते.

दोन खबरदाऱ्या घ्याव्यात. जस्ताचा चकचकीत मुलामा असलेला नट वेल्डिंगला वापरू नये. जस्ताच्या धुराने काही तासांत थंडी वाजून ताप भरतो. साधा काळा नट घ्यावा. आणि वेल्डिंगची अर्थिंगची पकड हेडलाच, कामाच्या जवळ लावावी. बॅटरीच्या आणि डायनॅमोच्या तारा आधीच सुटलेल्या असाव्यात.

ड्रिलचे काम: मध्य चुकला तर सर्व चुकले

वेल्डर मिळत नसेल किंवा स्टड आत खोल तुटला असेल तर ड्रिल करावे लागते. तुटलेले तोंड शक्य असेल तर कानशीने सपाट करावे आणि बरोबर मध्यावर पंचाने खूण करावी. मध्य साधण्याची एक सोपी युक्ती आहे. सायलेन्सरची पट्टी उलट-सुलट न करता जागेवर धरावी, तिच्या भोकात बसेल अशी लोखंडी नळी लेथवाल्याकडून करून घ्यावी, आणि त्या नळीतून बारीक ड्रिल चालवावे. ड्रिल आपोआप मध्यावर आणि सरळ राहते.

प्रथम ३ मिलिमीटरचे भोक पाडावे. मशीन हळू चालवावे, तेलाचे थेंब सोडत राहावे. मग ड्रिल क्रमाक्रमाने वाढवावे. डाव्या फिरकीचे ड्रिल मिळाले तर फारच उत्तम. मशीन उलट फिरवून ते चालवताना पुष्कळदा ड्रिलच स्टडला पकडून बाहेर काढते. ८ मिलिमीटरच्या नेहमीच्या आट्याला टॅपपूर्वीचे भोक ६.८ मिलिमीटरचे, तर १० मिलिमीटरच्या नेहमीच्या आट्याला ८.५ मिलिमीटरचे असते. त्याच्या किंचित अलीकडे थांबावे. उरलेली पातळ साल टोकदार सळईने आत दुमडून काढता येते. मग टॅप हाताने फिरवून आटे साफ करावेत.

किती खोल जायचे ते आधी ठरवून ड्रिलवर चिकटपट्टीची खूण करावी. पाण्याने थंड होणाऱ्या काही इंजिनांत या भोकामागे पाण्याची जागा असते. तिथवर भोक गेले की पाणी गळू लागते.

टॅप निवडतानाही सावध असावे. जुन्या इंग्रजी धर्तीच्या इंजिनांना इंचाचे व्हिटवर्थ आटे असतात, नव्यांना मिलिमीटरचे. ३/८ इंच म्हणजे ९.५२५ मिलिमीटर. तो डोळ्याला १० मिलिमीटरसारखाच दिसतो. पण व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि मिलिमीटरच्या आट्याचा ६० अंशांचा असतो. दोन फेरे बसतो म्हणून तोच खरा असे समजून टॅप रेटला तर जुने आटेही जातात. त्याच इंजिनचा दुसरा चांगला स्टड काढून नमुन्याला दुकानात न्यावा.

कुठे थांबावे

उलट्या आट्यांचा शंकूसारखा एक्स्ट्रॅक्टर बाजारात मिळतो. भोकात घालून फिरवला की तो रुततो आणि स्टड बाहेर ओढतो, असे त्याचे तत्त्व. पण तो अतिशय कडक आणि म्हणून ठिसूळ असतो. जो स्टड चांगल्या पान्याला दाद देत नाही, तो या बोटाएवढ्या हत्याराला देईलच असे नाही. तो आत तुटला तर साधे ड्रिल त्याच्यावर चालत नाही, घरी करण्यासारखे काही उरत नाही. म्हणून तेल आणि उष्णता यांनी पकड आधीच ढिली झाली असेल तरच तो हलक्या हाताने वापरावा.

पुढील प्रसंगी हत्यारे खाली ठेवून हेड सोडावे आणि म्हापशाच्या किंवा डिचोलीच्या चांगल्या लेथवाल्याकडे न्यावे: आत एक्स्ट्रॅक्टर किंवा टॅप तुटला असेल, भोक मध्यावरून सरकले असेल, हेडला तडा दिसत असेल, किंवा हेड ॲल्युमिनियमचे असेल. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि मऊ असते, त्यातले आटे लवकर जातात. ज्यांच्या होडीला बाहेर लावायचे इंजिन आहे त्यांनी हे विशेष ध्यानात धरावे. आटे गेलेले असले तरी लेथवाला भोक मोठे करून त्यात तारेची गुंडाळी किंवा नळी बसवून मूळ मापाचे आटे परत देऊ शकतो. हेड भंगारात घालण्यापूर्वी हे विचारून घ्यावे.

नवा स्टड बसवताना

नवा स्टड इंजिनच्या मूळ मापाचा आणि उष्णता सोसणाऱ्या पोलादाचा घ्यावा. साधी आटे पाडलेली सळई कापून घालू नये. आट्यांना तांब्याची किंवा निकेलची, उष्णतेत न जळणारी पेस्ट लावावी. ग्रीस इथे उपयोगाचे नाही, ते जळून कोळसा होतो. शक्य तिथे पितळी नट वापरावेत. पितळ पोलादाला गंजाने धरून बसत नाही, आणि पुढे जोर पडलाच तर नटाचे आटे जातात, स्टड वाचतो.

सायलेन्सरच्या पट्टीवर पोलादी पट्टी टेकवून ती सपाट आहे का पाहावे. वाकलेली असेल तर लेथवर घासून घ्यावी, नाहीतर नवे पॅकिंगही गळेल. पॅकिंग नेहमी नवे घालावे. नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. किती आवळायचे ते इंजिनच्या पुस्तकात असते. पेस्ट लावलेला नट हलका फिरतो, म्हणून नेहमीपेक्षा जास्त आवळला जाण्याची भीती असते. इंजिन एकदा चांगले तापवून पूर्ण थंड झाल्यावर नट पुन्हा तपासावेत. लांब नळाला पाया किंवा भिंतीवरून स्वतंत्र आधार द्यावा.

पुढच्या पावसाळ्याआधी

मे महिन्यात इंजिन आत ठेवताना चार गोष्टी कराव्यात. सायलेन्सरचे तोंड डब्याने झाकावे. सायलेन्सरचे नट एकदा सोडवून, पेस्ट लावून पुन्हा बसवावेत. अंगावर बसलेले मीठ गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून वर तेलाचा हात द्यावा. आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा, खोपटाचे दार उघडे ठेवून, इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवावे. दोन मिनिटे चालवून बंद केल्यास उलट सायलेन्सरमध्ये पाणी साचते.

डाव्या फिरकीची ड्रिले, दोन-तीन मापांचे टॅप, नट फोडायचे हत्यार हे सर्व प्रत्येक घरी असण्याची गरज नाही. वाड्यावरच्या पाच-सहा घरांनी मिळून एक संच घेतला आणि तो एका घरी तेल लावून ठेवला, तर शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजाराची एक खेप पुष्कळ वर्षे पुरते. त्या संचाच्या डब्यात तेलाची बाटली सर्वांत वर ठेवावी. बाकीच्या हत्यारांची पाळी तिच्यानंतर, आणि तीही दोन-तीन दिवसांनी, हे मग कोणाला वेगळे सांगावे लागणार नाही.